परातीतलं नाव

कुमार : …अहो व्याही, टॉवेल घेऊन उभा हाय मी कधीचा. पाय धुऊन झाले ना? चला. ओटीवर मंडळी खोळंबल्यात, आईनं सुपारी काढून ठेवलीय.

केसरीनाथ : इथं मागं खाडी होती ना?

कुमार : होती की! आता सगला भराव घातला, गोदामं झाली. ते निळं पत्र्याचं दिसतंय, तिथपर्यंत पाणी यायचं. पण तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कोन गावचे.

केसरीनाथ : लहानपणी मामाकडं होतो अंजूरला, शाळेसाठी. अनंता तरे माझे मामा.

कुमार : अनंताकाकाचे भाचे? काय सांगता! मग आपण एकाच शाळेत असणार. मी कसं ओळखलं न्हाय तुम्हाला?

केसरीनाथ : मी तरी कुठं ओळखलं? आमची उन्नती घरी म्हणाली, होणाऱ्या सासऱ्यांचं नाव कुमार म्हात्रे. आता अंजुरात कुमार म्हात्रे कोण, मला काय माहीत? गावात कागदावरच्या नावानं कोण कुणाला हाक मारतं? मघाशी तुमच्या आईनं आतून हाक दिली, ‘बाला, याह्यांना टॉवेल दे.’ तेव्हा तुम्ही वळलात, आणि माझे पाय मोरीतच राहिले. बालादादा.

कुमार : बालादादा… हे शाळेतलं. तुम्ही… तू कोण रे?

केसरीनाथ : माझं नाव तूच ठेवलं होतंस.

कुमार : मी?

केसरीनाथ : आठव. डोळे बटबटीत, अंगानं एवढासा.

कुमार : …निवटा?

केसरीनाथ : हं. बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

कुमार : देवा रे. बस. बस इथं दगडावर. न्हाय तर मीच बसतो.

केसरीनाथ : निवटा म्हणून थांबला असतास तरी चाललं असतं. पण निवटा हा चिखलातला मासा, तर त्याची जागा चिखलात, असं म्हणालास. ओहोटीला मला कमरेपर्यंत रुतवलंत आणि तुम्ही चौघं बांधावर बसून बोरं खात होता. मग भरती लागली. पाणी छातीला आलं तसे चौघंही पळालात.

कुमार : पळालो. खोटं कशाला बोलू? घरी जाऊन भात खाल्ला मी. आईनं सांजच्याला पाठीवर लाकूड मोडलं तेव्हा कळलं, तू जिवंत हायस.

केसरीनाथ : तुझ्या आईनंच काढलं मला. खाडीतले खुबे-शिंपल्या वेचून परतत होती ती.

कुमार : मग तू शाळेत आलाच न्हायस.

केसरीनाथ : आई येऊन घेऊन गेली कोनला. कोनच्या शाळेत एक वर्ष मी कुणाशी बोललोच नाही. वाटायचं, इथंही कुणी ते नाव काढेल.

कुमार : मी आलो होतो कोनला.

केसरीनाथ : कशाला?

कुमार : तुला शोधायला. माझा भाविक चालायला लागला होता तेव्हा. एकदा अंगणात चिखलात पडला न रडायला लागला. त्याचं ते तोंड बघून मला तू दिसलास. झोप उडाली माझी. कोनच्या नाक्यावर जाऊन विचारलं, निवटा कुठं राहतो? लोक हसले. एक बाई म्हणाली, मासळीबाजारात बघ, टोपलीत राहतो.

केसरीनाथ : हसू नकोस.

कुमार : तूच हसतोयस.

केसरीनाथ : हसतोय खरा. अरे, माझं खरं नाव विचारायचं ना!

कुमार : ठाऊकच नव्हतं! गुरुजी हजेरी घेताना तुझा नंबर आला की आम्ही चौघं ‘निवटाऽ’ म्हणून बोंबलायचो. त्या कालव्यात तुझं नाव कधी ऐकूच आलं न्हाय. अनंताकाका तर माझं तोंड बघत नव्हता, मग तोही गेला. ज्याची माफी मागायची त्याचं नाव माहीत न्हाय, असा माणूस मी.

केसरीनाथ : निजामपुऱ्यात माझ्या कामावर ये कधी. तिथं कापडाच्या लूमच्या खडखडाटात अख्खी गल्ली ओरडते, ‘केसरीभाई!’ यूपीचे कारीगरसुद्धा. पहिल्यांदा कुणी तसं हाक मारली ना, तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, दुसऱ्या कुणाला बोलावतोय का म्हणून.

कुमार : …आता काय करायचं? तू म्हणशील ते. ओटीवर जाऊन सांगतो, कसूर माझी हाय. पण पोरांचं लग्न मोडू नको. त्यांनी काय केलंय?

केसरीनाथ : मोडायला नाही आलो रे. उन्नती सांगते, भाविक कधी कुणाला अरेतुरेसुद्धा करत नाही. पोरगा चांगला आहे, मला दिसतंय ते. पण सुपारीला ‘दिली’ म्हणायचं तर जीभ उचलत नाही. एक विचारू? लग्नात तुमच्याकडं परातीत तांदूळ पसरून सुनेचं नाव बदलतात?

कुमार : बदलतात ना. आईनं ठरवून टाकलंय. भाविकला जोड म्हणून भावना.

केसरीनाथ : उन्नतीला विचारलं?

कुमार : …न्हाय.

केसरीनाथ : तिच्या बारशाला आत्यानं कानात सांगितलं ते नाव मी दिलेलं होतं. उन्नती. वर येणं. का ठेवलं ते घरात कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बालादादा, या घरानं एकदा माझं नाव बदललंय. माझ्या पोरीचं बदलू नका. दुसरं मला काही नको.

कुमार : माझ्याकडून शब्द. पण आई… तिच्यासाठी रीत म्हणजे रीत. ती आलीच बघ.

जानकीबाई : काय रं बाला, मानसं ओटीवर न तू याह्याला घेऊन मोरीवर! सुपारी काय सवताच फुटल?

कुमार : आई, बस जरा. यांचं म्हणणं हाय, पोरीचं नाव बदलू नका.

जानकीबाई : असा कसा? नाव तं बदलावाच लागतं. माजं न्हाय बदललं?

केसरीनाथ : तुमचं माहेरचं काय होतं, आई?

जानकीबाई : मी? मी धोंडू. धोंडूबाई.

कुमार : हे मला कधी सांगितलं न्हायस.

जानकीबाई : कोन इचारतं? हिकडं आली न जानकी झाली. चांगलं हाय, देवाचं नाव हाय. पन आई माजी ‘धोंडूऽ’ करून हाक मारायची, खाडीच्या त्या कडंपर्यंत ऐकू यायची. ती गेली तवापासना धोंडू म्हननारा कोनी न्हाय… डोल्यात काय गेलं माज्या. गोदामांची धूल निस्ती.

केसरीनाथ : आई, तुम्ही मला ओळखलं नाहीत. एकदा तुम्ही मला चिखलातून ओढून काढलंत.

जानकीबाई : अगो बाय! अनंताचा भाचा तू? तो… तो निवटा?

कुमार : आई, ते नाव नको.

जानकीबाई : मंग काय म्हनू? दात वाजत व्हते याचे. ऊन पान्यानं न्हाऊ घातला, लुगड्यात गुंडाळला, पेज पाजली. रात सारी मांडीवर निजला माज्या. न बग, नाव इचारायचं र्‍हायलंच. समदी निवटा म्हनत, मी पन तेच धरून चालले.

केसरीनाथ : मग आता विचारा.

जानकीबाई : तुजं नाव काय रं, बाबा?

केसरीनाथ : केसरीनाथ.

जानकीबाई : केसरीनाथ. आईनं ठेवलं?

केसरीनाथ : आईनं.

जानकीबाई : चांगलं ठेवलं. बाला, ऐक. परात मांडायची, तांदूल पसरायचं, न भाविकनं आंगठीनं उन्नतीच लिवायचं. रीत पन र्‍हायली न नाव पन र्‍हायलं. कोन बोलतं ते मी बगते. आता उठा दोगंबी. आन तू पाय पूस, केसरीनाथ, थंड पान्यात उभा हायस मगासपासना.

(ओटीवर मंडळी गोलात बसली आहेत. मधे पाटावर सुपारी आणि अडकित्ता.)

कुमार : पंचमंडळी, ऐका. कोनचे केसरीनाथ भोईर, आमच्या भाविकसाठी तुमची उन्नती मागतो.

केसरीनाथ : पुन्हा एकदा म्हण.

कुमार : तुमची उन्नती मागतो.

केसरीनाथ : त्याच्या आधीचं.

कुमार : …केसरीनाथ.

केसरीनाथ : दिली.