शेवटचीला आणायला कोण गेलं?

मंडळी, हात जोडा, मन जागेवर आणा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या मला! शर्यतीत जो शेवटचा येतो — त्याचं कोण? बोला की! पहिल्याला हार, पेढे, फोटो. शेवटच्याला काय? घरी जायची वाट! अहो पेटीवाले, मान खाली नका घालू, तुमच्याबद्दल नाही बोललो मी!

ऐका तर. कृष्णाकाठी एक गाव. गावात पोहण्याचं मंडळ. त्या मंडळात वाढलेली केतकी मगदूम — थेट ऑलिंपिकला गेली! अहो, गावाला झोप कुठली! आठ जणी पाण्यात उतरल्या — आणि केतकी आठवी. सगळ्यांच्या मागून काठाला हात लावला पोरीनं. तिथंच रडली. पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही, एवढंच बरं!

परत आली, तर मंडळानं सत्कार ठेवला. तलावाच्या काठावर मांडव, लाउडस्पीकर, आणि अध्यक्ष पाटणकरांचं भाषण — "आमच्या कन्येनं जग जिंकलं!" जग? केतकीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. ती मनाशी ठरवूनच आली होती — आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पुरे आता!

माइक हातात आला. म्हणाली, "मी काही जिंकले नाही. मी शेवटची आले. तुम्हाला खाली मान घालायला लावली. आता मी पुन्हा पोहणार नाही."

पाटणकरांच्या हातातला नारळ हातातच!

आणि बायकांतून खणखणीत आवाज आला — "अगं पण, तुला आणायला कोण आलं?"

कोण बोललं? शालनकाकू! साठी ओलांडलेल्या. अंगानं भरलेल्या, दम कमी — पण हौस चार गावांना पुरेल एवढी!

आता मंडळी, त्या मंडळाची एक रीत होती. पूर्वी ते नदीत पोहायचे. पाण्याला ओढ केवढी! म्हणून ठरलेलं — जो पहिला काठाला लागेल, त्यानं परत फिरायचं, शेवटच्याच्या बाजूनं पोहत त्याला काठाला आणायचं. मग शर्यत संपली! नदी सुटली, तलाव झाला, रीत राहिली. दर रविवारी पहिली कोण? केतकी! शेवटी कोण? शालनकाकू! किती वेळा आणलं असेल या पोरीनं त्यांना!

काकू उठून उभ्या राहिल्या. "सांग की! पहिली आलेली परत फिरली का नाही?"

"नाही हो काकू. तिथं तसं नसतं."

"नसतं? एवढं मोठं ऑलिंपिक, आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही त्यांना? मग तुझी शर्यत संपलीच कुठं! पोरगी अजून तिथंच पाण्यात आहे, आणि तुम्ही इथं हार घेऊन बसलाय!"

पदर खोचला, चपला भिरकावल्या — आणि काकू धप्पकन तलावात! पाटणकर ओरडतायत, "अहो, साडी नेसून उतरायला मनाई आहे!" पण ऐकतंय कोण! "ये गं! मी आणते तुला!"

केतकी रडत रडत हसली, मंडळी! हार काढून खुर्चीवर ठेवला आणि आहे त्या कपड्यांत उडी! निघाल्या दोघी पलीकडच्या काठाकडं, बाजूबाजूनं. मध्येच काकूंना धाप लागली. केतकीनं हात पुढं केला, तर काकू कडाडल्या, "हात काढ! आज मी आणतेय!"

दोघींनी काठाला हात लावला. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला! काकू धापा टाकत म्हणाल्या, "झाली तुझी शर्यत. आता बोल, काय बंद करायचंय?"

केतकीनं त्यांचा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "काही नाही. उद्या सकाळी तलाव किती वाजता उघडतो, तेवढं सांगा."

मंडळी, काकूंनी काय दिलं हो तिला? पदक? छे! नुसत्या बाजूनं पोहल्या! आता तुमच्याकडं वळतो. तुमचं घर झालं, मुलगा नोकरीला लागला, तुम्ही काठावर बसून अंग पुसताय. पाठचा भाऊ अजून पाण्यात आहे, शाळेतला मित्र पाण्यात आहे. तुम्ही म्हणता — त्याचं नशीब! अहो, नशीब कसलं? तुम्ही मागं वळलाच नाहीत!

आरती होईल सावकाश. आधी एक नाव मनात धरा. धरलं? — मग इथून उठलात की घरी नका जाऊ. आधी त्याचं दार वाजवा!