वरचं तेल

नाही नाही डॉक्टर, खाद्याचा नमुना कशाला नेताय, खाद्यात काही नाही — बसा त्या पोत्यावर — खाद्य मी स्वतः कालवतो, तीस वर्षं कालवतोय. चूक आमच्या सूनबाईंची. पिल्लांची ऊब तिच्याकडे होती ना? दिवे वर टांगून ठेवले, लागला असेल डोळा, पिल्लं गारठली. अठरा दिवसांची पिल्लं आणि मुठीएवढी! पंखांना धड पिसं नाहीत, एकमेकांना टोचून रक्त काढतायत. रोज सकाळी घमेलंभर मेलेली उचलते तीच. मुलगा चार दिवस बोललेला नाही तिच्याशी. आज माहेरी चाललीय, आत बॅग भरतेय. जाऊ दे. मला कशाला वाईट वाटेल?

खाद्य ना, तुमच्याच कागदाबरहुकूम — मका, सोयापेंड, लायसिन, मेथिओनिन, चिमूटभर इकडचं तिकडं नाही. तेल तेवढं माझ्या अंदाजानं. दोन डबे वर. अहो, वाढीचं वय, अंगी लागायला नको? ती म्हणालीही, बाबा, कागदात नाही ते नका घालू — मी म्हटलं, तू मला शिकवणार? कालची आलेली तू! — थांबा, लिहिताय काय? तेल लिहिताय?

कमी खातात? खातात ना कमी. तीच सांगायची, भांडी भरलेलीच राहतात म्हणून. मी म्हटलं, तुझ्या गारठ्यानं. — म्हणजे तेलानंच पोट भरतं, पिल्लू तोंड फिरवतं, आणि ते मांस-पिसं धरवणारं लायसिन-बियसिन भांड्यातच राहतं? तेल वाढवलं तर तेही वाढवायला हवं होतं? असं होय. आणि मघाशी तुम्ही मेलेलं पिल्लू चिरलंत, त्याच्या पोटात पिवळी चरबी, छातीला मांस नाही — गारठून मेलेल्याच्या पोटात एवढी चरबी नसते, हे मलाही ठाऊक आहे हो. म्हणून तर परवा मी मागं जाऊन तीन-चार चिरली आणि लगेच पुरून... म्हणजे, तसं नव्हे. सहज चिरली. माणूस बघतोच ना.

हळू बोला. मध्ये नुसता पत्रा आहे. — हो, परवा कळलं मला. मग? मुलासमोर काय सांगू? या घरात माझं म्हणून एवढं एकच उरलंय, हा कालवायचा हात. तोही गेला की दिवसभर खुर्ची टाकून बसायचं, चहा मिळेपर्यंत. तिचं काय, तरुण आहे, आईबाप आहेत, आठ दिवसांत राग निवळेल. लिहा ना डॉक्टर, ऊब कमी पडली. दोन शब्द तर आहेत. पिल्लं काय, कशानंही मरतात.

बघू नका माझ्याकडे असं. उठा, पोती शिवायची आहेत मला — आणि दारातून जरा बाजूला व्हा. तिला बॅग घेऊन जायचंय.