बंद करण्याआधीची रेस

चेन्नईत वेलचेरीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुमेधा आपल्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावरून जुन्या तंजावरी वळणाची मराठी कानावर पडली, तसे तिचे कान टवकारले. नवरा-बायको होते, शेजारी म्हातारे सासरे.

“चाळीस हजार किलोमीटरला टर्बो जातो का गे कुठं? चालवतेस तरी कशी?”

“सांभाळून चालवते. लांबून आलं की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवते, मग बंद करते.”

“मग टर्बोचं बेअरिंग काय आपोआप झिजलं? तुझ्या हाती गाडी दिली तेच चुकलं.”

तेवढ्यात सुपरवायझरनं येऊन तमिळमध्ये विचारलं, “सर, इंजिन बंद करण्याआधी कुणी एकदा जोरात रेस देतं का? जुन्या गाड्यांना द्यायचे तशी?”

“दिली तर काय होतं?” नवऱ्यानं विचारलं.

“रेस दिल्यावर टर्बोचा पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं, आणि तो कोरडाच फिरत राहतो.”



“मी देतो,” म्हातारे म्हणाले. “ॲम्बॅसडरची सवय. तिला बोलू नकोस, हरी.”

“असू दे, अप्पा.”

“असू दे कसं? चूक माझी आहे.”

“मामंजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत. दोन वर्षं झाली.”

“हो, पण हरीला गाडी शिकवली कुणी, कृष्णवेणी?”