टिलीची मान

—नाही हो, चावत नाही आमची टिली, हात पुढे करा, वास घेऊ दे तिला. असं. आता तुमच्या बुटावर बसेल बघा, खोडच आहे ती. तुम्हीही बसा ना. रेजायनाहून इतक्या लांब आलात आणि मी मेली सारखी खिडकीपाशी जातेय — काही नाही, रस्ता बघतेय. वॉल्टर, म्हणजे माझा नवरा, यॉर्कटनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलाय, त्याचा भाऊ ओरेस्ट घेऊन गेलाय ट्रकमधून. ते यायच्या आत आपलं उरकलं म्हणजे बरं. कॉफी घ्या, गरम आहे अजून.

कुत्री द्यायची म्हणून जाहिरातीत लिहिलंय तेवढंच खरं. लॅब्रॅडॉर आहे, तब्येतीनं ठणठणीत, पडलेलं बदक दात न लावता आणून हातात देते. मग देता कशाला? अहो, वय झालं आमचं, हिला पळायला लागतं, आम्हाला कुठलं झेपतंय. कान? तो — कुंपणाची तार लागली. सुकतंय आता. तुम्ही बदकं मारता ना? मग ऐका, शनिवारचंच सांगते, म्हणजे कळेल ही काय चीज आहे ते. वॉल्टरचा शिकारीचा जोडीदार तापानं पडलेला, म्हणून मी गेले बरोबर. लग्न झाल्यापासून बदकं सोलली, भाजली, पण शेतात जाऊन पडायची माझी पहिलीच वेळ. शेजाऱ्यांचं बार्लीचं रान, कापणी झालेली, सगळी धसकटं टोचताहेत पाठीला. समोर थव्यांना भुलवायला प्लॅस्टिकची बदकं मांडलेली, अंगावर पेंढा ओढून आम्ही दोघं आडवे आणि मधे ही. जरा उजाडलं आणि तळ्याकडून थवे उठले — हिरव्या डोक्यांचे, नुसता पंखांचा आवाज, अंगावर काटा आला माझ्या. मी वर बघतेय, टिली वर बघतेय, आणि वॉल्टर? वॉल्टर वर बघतच नव्हता हो. तो टिलीकडे बघत होता. हिची मान डावीकडे वळली की याची बंदूक डावीकडे, हिनं मान उचलली की नळी वर, ही थबकली की धाड! आणि पडलं की बदक. मी म्हटलं, ‘अरे, आभाळात बघ ना!’ तर म्हणतो कसा, ‘तू गप पड गं, बदकं ऐकतात.’ तेव्हा उमगलं मला. दिसतच नव्हती त्याला. मधोमध सगळा काळा डाग, कडेकडेनं काय दिसेल तेवढंच. डॉक्टर डोळ्यात सुया टोचतात आणि हा मला सांगतो, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मग एक जखमी बदक धसकटांतून फडफडत पळालं. ही न सांगताच सुटली, आणि याची नळी हिच्या मानेमागोमाग खाली — आणखी खाली — मी किंचाळले, तोवर बार झालेला. एक छरा हिच्या कानातून आरपार.

हो. तार नव्हती ती.

आणि तशा कानानं हिनं ते बदक आणून त्याच्या हातात ठेवलं. हात लाल झाला तर म्हणतो, ‘फारच रक्त आहे गं या बदकाचं.’ मी काय केलं? घरी येऊन कान धुतला आणि त्यालाही सांगितलं, तार लागली. म्हणून म्हटलं, कुत्री गेली की शिकार आपोआप बंद. बंदूक लपवली तर विचारेल ना — का लपवलीस? मग बोलावं लागेल. कुत्री काय, पळून गेली म्हणता येतं. चला, लावा साखळी. ऊठ, टिली. बिछाना देते तिचा, नव्या जागी ती — थांबा जरा. हल्ली कोठाराकडे जाताना हा हिच्या पाठीवर हात ठेवून जातो. पायरी आली की ही थांबते, मग हा पाय उचलतो. रोज बघते मी या खिडकीतून, बघते आणि भांडी घासायला लागते. पळून गेली म्हटलं तर हा हाका मारत शेतभर फिरेल हो, शेतामागच्या त्या खोल चराच्या काठानं, एकटाच —

ट्रक आला. बसा, उठू नका.

आलास? इतक्या लवकर? ओरेस्ट नाही का आत येत — बरं. हो, पाहुणे आहेत. रस्ता चुकलेत बिचारे, फाटा विचारत होते. साखळी? कसली साखळी वाजली? अरे, ती मीच —

नाही, वॉल्टर. रस्ता नाही चुकलेले. टिलीला न्यायला आलेत, मी बोलावलं. ओरडू नकोस, बस आधी. डावीकडे — खुर्ची डावीकडे आहे, हात दे मला. मला माहितेय तुला काय दिसतं आणि काय नाही. शनिवारी तुझा छरा लागला हिला. मी पाहिलं, आणि बोलले नाही.

तुम्ही निघा हो. नाही, द्यायची नाही कुत्री. सोडा तिला. माफ करा, खूप लांबून आलात, पण निघा आता — आणि दार ओढून घ्या.