सुभेसाहेबांच्या पणतवाचा रस्ता

— नाही नाही, बैल नका हाकू, जरा थांबा हो भाई. मराठी समजतं ना तुम्हाला? थोडं थोडं? बस, तेवढं पुष्कळ. मी बडोद्याहून आलेय, निजामपुऱ्यातून — एसटीनं करजण, तिथून हा फाटा चालत. घरी सांगितलंय, प्रतापनगरला वन्संकडे जाते म्हणून. माझं एकच मागणं आहे. समोरून लाल मोटरसायकल आली ना, की तुमची गाडी खाली मातीत उतरवायची. का म्हणजे? — तो उतरणार नाही म्हणून! माझा मुलगा, इंद्रनील, पुढच्या त्या परदेशी भागीदारीच्या फॅक्टरीत सुपरवायझर आहे. कारखाने आले, ट्रक आले, रस्ता मात्र तेवढाच — ही एवढीशी डांबराची पट्टी! आणि हा आपला मधोमध.

तसा गुणी आहे हं. हे सगळं खूळ ह्यांचं — बळवंतरावांचं, माझ्या यजमानांचं. आमचे आजेसासरे गायकवाडीत सुभे होते, त्यांची बग्गी निघाली की गाडेवाले आपणहून खाली उतरायचे. आता कुठली गायकवाडी आणि कुठली बग्गी! पण रोज पानावर बसलं की ह्यांचा प्रश्न ठरलेला — "काय, रस्ता सोडलास का कुणाला?" हा म्हणतो, "नाही बाबा." मग हे खूश, स्वतःच्या हातानं त्याला तूप वाढतात. आणि मी — खरं सांगू? — माझीही मान जरा ताठच होते. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मागे ह्याच वळणावर एक स्कूटरवाला गेला ना? तेव्हापासून तर घास उतरत नाही.

तुम्हाला तर तो ओळखत असेल. परवाच सांगत होता, कापसाच्या गाडीवाल्याला खाली उतरवला म्हणून. ते तुम्हीच ना? नाही? कधीच नाही? अहो, आठवून बघा! काय? भरलेली गाडी मातीत घातली तर कलंडते? ज्याच्याकडे ओझं नाही त्यानं उतरायचं असतं? — ते मला काय सांगता, त्याला सांगा!

अगबाई, आवाज आला. तोच. मी कापसाच्या आड उभी राहते, त्याला दिसायला नको. उतरवा ना भाई! हात जोडते, बैल खाली घ्या — कलंडली गाडी तर कलंडू दे — अहो, बसलात काय नुसते — इंद्रा —

उतरला.

लांबूनच वेग कमी केला, पार बाभळीपाशी मातीत गेला, पाय टेकून थांबला. आणि तुम्हाला काय म्हणाला? — "केम छो काका, निरांते नीकळो." सावकाश निघा म्हणे, किती हसून म्हणाला! रोज थांबतो? रोज असाच?

म्हणजे घरी... आम्हाला बरं वाटावं म्हणून. त्या पानावर बसून, रोज. पोर सुखरूप आहे हो, मग मला रडू का येतंय?

काही नाही, काही नाही. हाका तुम्ही बैल. मी आले होते हे त्याला सांगू नका. आज तूप मी वाढणार — ह्यांनी विचारायच्या आधीच.