तोंडी परीक्षेत नळ आला

माझ्या नणंदेचं, सुमनताईंचं, सांगते. शिक्षिका आहेत, मुख्याध्यापक व्हायचं म्हणून शाळा व्यवस्थापनाचा कोर्स करत होत्या. दुष्काळाच्या वर्षी तोंडी परीक्षेसाठी आम्ही दोघी सिल्लोडहून संभाजीनगरला आलो. मी दाराशी बसले.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी विचारलं, "सभा चालू असताना एखादा शिक्षक उठून निघाला, तर काय कराल?"

तेवढ्यात सरांचाच फोन वाजला. त्यांच्या बायकोचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "अहो, नळ आलाय! मोटर चालू होईना, लवकर या!"

आठवड्यानं आलेलं पाणी. सर धड उठेनात, धड बसेनात. मला वाटलं, गेली ताईंची परीक्षा.

ताई शांतपणे म्हणाल्या, "आधी कारण विचारीन, सर. नळ आला असेल, तर म्हणीन, पळा!"

सर दारातूनच ओरडले, "पास! अन् मुख्याध्यापक झालात की मला तुमच्या शाळेत घ्या!"