रक्तात काही सापडलं नाही

तफर्राह: मग वाच ना मोठ्याने. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ग्लाना: खाला, आधी बसा तरी.

तफर्राह: बसायला नाही आले मी. अकरा दिवस झाले मला कळून. लहबीबने फोन केला होता. तुझ्या हातात कागद आज पडला, त्याला मी काय करू?

ग्लाना: लहबीब, म्हणजे तुमच्या बहिणीचा, सेनिया खालाचा नवरा? तो तर मोठ्या दवाखान्यात गाडी चालवतो.

तफर्राह: गाडी चालवणाऱ्याला कान नसतात वाटतं? त्याने तिथल्या खिडकीवर विचारलं. ते म्हणाले, निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे नाही. तफर्राहला गव्हाचा आजार नाही. आता तू वाच.

ग्लाना: तसंच लिहिलंय. निगेटिव्ह. आकडा दोन. दहाच्या आत असला की निगेटिव्ह म्हणतात.

तफर्राह: आणि सहा वर्षांपूर्वी किती होता?

ग्लाना: दोनशेच्या वर. त्यापुढे यंत्राला मोजताच येत नाही.

तफर्राह: घे! यंत्राला मोजता येत नव्हता, तो दोनवर आला. बरी झाले मी. तू नर्स आहेस, तोंड पाडून काय बसलीस? मुबारक म्हण.

ग्लाना: तुम्ही बऱ्या आहात खाला. पण आजार गेलेला नाही.

तफर्राह: आता हे काय नवीन?

ग्लाना: नीट ऐका. ही तपासणी आजाराला शोधत नाही. गहू पोटात गेला की तुमचं शरीर त्याच्याशी भांडतं. त्या भांडणाच्या खुणा रक्तात उतरतात. तपासणी त्या खुणा मोजते. तुम्ही सहा वर्षं गहू नाही खाल्ला, जव नाही खाल्ला. मग शरीर भांडणार कोणाशी? म्हणून आकडा दोन. हा कागद एवढंच सांगतो की तुम्ही पथ्य चोख पाळलंत.

तफर्राह: म्हणजे हे माझं प्रगतिपुस्तक.

ग्लाना: तसंच समजा. पहिला नंबर आलाय.

तफर्राह: पहिला नंबर आला तरी शाळा कधीतरी सुटतेच ना, बाई?

ग्लाना: ही नाही सुटत.

तफर्राह: मग रक्त घेतलंत कशाला? उगाच?

ग्लाना: नकळत कुठून गहू पोटात जात नाही ना, ते बघायला. कुणाचा चमचा, कुणाची परात, मक्याच्या पिठात मिसळलेलं काही. तसं असतं तर आकडा वर राहिला असता.

तफर्राह: आणि पहिल्याच वेळी चुकलं असेल तर? दोनशे दुसऱ्याच कुणाचे असतील. एकेका पेटीत शंभर शंभर बाटल्या जातात इथून.

ग्लाना: तेव्हा नुसतं रक्त नव्हतं बघितलं. राजधानीला नेऊन, नळी घालून, आतड्याचा तुकडा काढला होता. आतून सगळं सपाट झालं होतं. आणि मी होते ना इथे. चौघांनी तुम्हाला घोंगडीत घालून आणलं होतं. नुसतं पाण्याचं भांडं उचललंत आणि मनगट मोडलं. बत्तीस किलो वजन होतं तुमचं.

तफर्राह: चार वेळा दिवस राहिले, चारही वेळा गर्भ पडला, तेव्हा कुणी नळी घातली नाही.

ग्लाना: हो. ते फार उशिरा कळलं आम्हाला.

तफर्राह: ते जाऊ दे. नवरा भला माणूस होता, मुलं हवी होती त्याला, निघून गेला. आता पाच आहेत म्हणतात. मी तुला दुसरंच विचारतेय. दोन हा आकडा मी कुठे ठेवू? चहाच्या डब्यात?

ग्लाना: खाला, माझ्याकडे बघा. तोंडावर मलहफ्याचा पदर का ओढलात?

तफर्राह: माशा आहेत.

ग्लाना: एकही माशी नाही. लहबीबचा फोन येऊन अकरा दिवस झाले म्हणालात. या अकरा दिवसांत काय खाल्लंत?

तफर्राह: माणसं जे खातात ते.

ग्लाना: या खुदा!

तफर्राह: ओरडू नकोस. शुक्रवार होता. सेनियाने शेळी कापली. माझ्यासाठी! वाळूत रोटी भाजली, तुकडे केले, वर रस्सा ओतला. मरेफीसा. सहा वर्षांत मी त्याचा नुसता वास घेतलाय. सगळे ताटाभोवती बसलेले, आणि सेनिया सरकली. इतकीशी. माझ्या गुडघ्यापुरती जागा झाली. मी हात घातला ताटात. ग्लाना, दुसऱ्यांच्या हाताला आपला हात लागतो जेवताना, ते मी विसरूनच गेले होते. कुणीतरी मांसाचा तुकडा माझ्या बाजूला ढकलला. कुणी ते बघितलंही नाही मी. आणि तेव्हापासून रोज जाते. आणि काही झालेलं नाही मला! पोट दुखलं नाही, जुलाब नाहीत, काही नाही.

ग्लाना: पहिल्यांदा तरी कुठे दुखत होतं पोट? मनगट मोडलं तेव्हा कळलं. बाहेर काही दिसत नाही म्हणजे आत काही चाललेलं नाही, असं नसतं तुमच्या आजारात. अकरा दिवस झाले, झालं ते झालं. आतडं सावरेल. पण आज संध्याकाळपासून बंद.

तफर्राह: आज संध्याकाळी कुसकुस आहे.

ग्लाना: तोही गहूच. बंद म्हणजे बंद.

सेनिया: अगं, किती वेळ? बाहेर ऊन डोक्यावर आलं, बाकावरच्या बाया माझे कान खातायत. झाला का कागदावर शिक्का मारून? काय झालं? तफर्राह? हिला काय सांगितलंस गं तू?

ग्लाना: या, सेनिया खाला. लहबीबभाईंनी जे सांगितलं ते अर्धंच आहे. आजार आहे. कागद स्वच्छ आहे, कारण तुमच्या बहिणीने गहू खाल्ला नाही.

सेनिया: म्हणजे खाल्ला नाही म्हणून खाता येतं, आणि खाल्लं तर खाता येणार नाही? हा कुठला न्याय!

तफर्राह: राहू दे सेनिया. मला कळलंय.

सेनिया: कळलंय काय? मी शेजारीपाजारी सांगून आले! अम्मीच्या कबरीवर जाऊन सांगितलं!

तफर्राह: मग परत जाऊन सांग.

ग्लाना: सेनिया खाला, एक मिनिट. इकडे उजेडात या. डोळ्याची खालची पापणी बघू. किती पांढरी आहे ही. चक्कर येते?

सेनिया: इथे कुणाला येत नाही?

ग्लाना: आणि जीभ? तोंड येतं का सारखं?

तफर्राह: येतं. चहासुद्धा थंड करून पिते.

सेनिया: तू गप्प बस. मला कळतंय ही कुठे चाललीये ते. मला नाही तपासायचं.

ग्लाना: सख्ख्या बहिणीला असू शकतो हा आजार. दर वर्षी सांगते मी तुम्हाला.

सेनिया: आणि दर वर्षी मी नाही म्हणते. हिला बघितलंय मी.

तफर्राह: मला बघितलंय म्हणजे?

सेनिया: काही नाही.

तफर्राह: बोल ना. बोललीसच आहेस तर पुरतं बोल.

सेनिया: मला तसं जगायचं नाही. एवढीशी पातेली, वेगळा चमचा, फडक्यात गुंडाळलेला. लग्नाला आलीस तरी पदराखाली डबा. आणि आमच्याकडे येतेस तेव्हा ताटाकडे पाठ करून बसतेस. पोरं विचारतात, मावशी रागावलीये का? आमच्या घशाखाली घास उतरत नाही, तफर्राह.

तफर्राह: पाठ नाही केली तर वास येतो.

सेनिया: हं?

तफर्राह: रोटीचा. तोंड फिरवलं की थोडा कमी येतो. रागावलेली नसते मी.

सेनिया: हे तू कधी सांगितलं नाहीस.

तफर्राह: कुणी विचारलं?

सेनिया: ऐक. रडू नकोस. ग्लाना, तू साक्षीला आहेस. आजपासून मी हिच्याबरोबर जेवणार. भात, मका, जे ती खाते ते. मीही गहू सोडला, जा! दोघींची एक पातेली.

ग्लाना: अजिबात नाही!

सेनिया: आता यातही खोट?

ग्लाना: तपासणी करायची असेल तर गहू सोडायचा नाही. सोमवारी रक्त घेते मी. तोवर रोटी, कुसकुस, रोजच्यासारखं सगळं खायचं. आज गहू सोडलात आणि रक्त द्यायला महिनाभर टाळाटाळ केलीत, तर तुमचाही आकडा खोटा खाली येईल. मग मला कधीच कळायचं नाही.

सेनिया: म्हणजे हिच्याबरोबर जेवायचं नाही.

ग्लाना: सोमवारपर्यंत नाही.

तफर्राह: हसू येतं मला. सहा वर्षांत ती पहिल्यांदा तसं म्हणाली.

सेनिया: सोमवारी येते. सुई दुखली तर बघ.

(एक महिना उलटला. दवाखान्याची तीच खोली, सकाळची वेळ. तफर्राह एकटीच आली आहे.)

ग्लाना: मक्याच्या पिठाची दोनच पाकिटं आलीत या वेळी. उरलेलं पुढच्या गाडीने येईल. आणि तुमचं रक्त सहा महिन्यांनी घेऊ. गहू बंद आहे ना?

तफर्राह: बंद. सेनियाचा कागद आला म्हणे?

ग्लाना: आला. काल त्यांना बोलावून सांगितलं. त्यांनी नाही सांगितलं तुम्हाला?

तफर्राह: ती आली नाही. तू सांग.

ग्लाना: निगेटिव्ह.

तफर्राह: माझ्यासारखंच?

ग्लाना: शब्द तोच. पण त्या रोज गहू खात होत्या. गहू खाऊनही रक्तात खुणा नाहीत. म्हणून त्यांचं नाही म्हणजे खरंच नाही. आज तरी नाही. दोन-तीन वर्षांनी परत बघू. रक्त कमी आहे, त्याला लोहाच्या गोळ्या दिल्यात.

तफर्राह: आकडा किती?

ग्लाना: तीन.

तफर्राह: घे! माझ्यापेक्षा एकाने जास्तच. आणि रोटी तिला.

ग्लाना: खाला.

तफर्राह: थट्टा करतेय गं. अल्लाचे आभार. पोरांची आई आहे ती. अल्लाचे खरंच आभार.

ग्लाना: रक्त दिल्यावर आल्या होत्या का तुमच्याकडे जेवायला? तसं म्हणाल्या होत्या.

तफर्राह: आली एकदा. भात केला होता, उंटाचं थोडं मांस मिळालं होतं. एका ताटात जेवलो. छान झालाय म्हणाली. दोनदा म्हणाली. मग घरी गेली. पोरांना रोटी लागते ना, पीठ मळून ठेवलं होतं तिने. तिच्या हाताला वास येत होता त्याचा.

ग्लाना: परत बोलवा त्यांना.

तफर्राह: बोलवीन. ग्लाना, दार लोट जरा.

ग्लाना: काय झालं?

तफर्राह: तिने रक्त दिलं त्या दिवशी मी दुआ मागितली. तीन वेळा मागितली. तिचा कागद स्वच्छ येऊ दे, तिचा कागद स्वच्छ येऊ दे.

ग्लाना: आणि तसाच आला. तुमची दुआ कबूल झाली.

तफर्राह: ही दोनदाच मागितली होती.

ग्लाना: तीन वेळा म्हणालात ना आत्ता?

तफर्राह: पहिल्यांदा उलटंच निघालं तोंडातून.